बार्शीच्या तापाची तेहतीस वर्षे

बार्शीहून लातूरकडे निघालेली छोटी रेल्वे बालाघाटाची चढण चढून येडशीला टेकायची. रुळांमधले अंतर अडीच फूट, आणि वेग असा की रेंगाळणाऱ्या माणसाला ‘बार्शी लाईट’ म्हणायची रीत पडली. कुर्डुवाडी ते बार्शी हा तुकडा १८९७ मध्ये सुरू झाला, १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, येडशी निजामाच्या उस्मानाबादेत. घाट चढता चढता राज्य बदलायचे. पुढे निजाम गेला, १९५४ मध्ये सरकारने रेल्वे कंपनी विकत घेतली, १९५६ मध्ये दोन्ही गावे एका राज्यात आली. येडशीकराची वहिवाट मात्र बदलली नाही. आडत बार्शीची, लग्नाचा बस्ता बार्शीचा आणि दुखणे हाताबाहेर गेले की डॉक्टरही बार्शीचाच. जिल्ह्याचे ठिकाण त्याहून जवळ, पण कागदाच्या कामापुरते.

अशा बाजारपेठेत साथ आली की ती त्या एका गावाची राहत नाही. १९७३ मध्ये बार्शीत जी तापाची साथ आली तिची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. त्या वर्षाची आठवण विचारली तर लोक दुष्काळ सांगतात, आणि ते बरोबरही आहे. बहात्तरचा दुष्काळ या टापूत अजून वय मोजायला वापरतात. खडी फोडायला गेलेल्या बाया, सुकडीची रांग, परदेशातून आलेली लाल मिलो, आटलेल्या विहिरी. एवढ्या मोठ्या दुःखापुढे चार दिवसांच्या तापाची काय कथा?

पण दुष्काळात घरात काय होते ते पाहावे. पाणी येईल तेव्हा येईल, म्हणून जे भांडे हाती लागेल ते भरून ठेवायचे: रांजण, पिंप, हौद, न्हाणीतली टाकी. एडिस इजिप्ती नावाच्या, पायांवर पांढरे पट्टे असलेल्या डासाला नेमके हेच लागते. तो गटारात अंडी घालत नाही. त्याला घरातले, सावलीतले, साठवलेले पाणी हवे. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. भांडे कोरडे पडले तरी ती अंडी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. बार्शीची साथ दुष्काळामुळेच आली असे मी म्हणणार नाही. दुष्काळाने डासाची सोय करून ठेवली होती, एवढे म्हणता येईल. हा डास दिवसा चावतो आणि उडतो फार थोडे, या घरातून त्या घरात एवढेच. त्याच्या विषाणूला दूर जायचे तर ताप अंगात असलेला माणूसच गाडीत बसावा लागतो.

पुण्याहून विषाणू संशोधन केंद्राचे लोक बार्शीत आले. ताप एकाएकी चढतो, अंगावर पुरळ येते, आणि ताप उतरल्यावरही मनगटे, घोटे, बोटांची पेरे सुटत नाहीत. हे चित्र त्यांना नवे नव्हते: हा चिकुनगुनिया होता. पाहणीत ३७.५ टक्के लोकांना हा आजार होऊन गेल्याचे निघाले. दहातले जवळजवळ चार! व्ही. एस. पडबिद्री आणि टी. टी. ज्ञानेश्वर यांनी या साथीचा अहवाल लिहिला. तो १९७९ मध्ये प्राग येथून निघणाऱ्या एका नियतकालिकात छापून आला, म्हणजे साथ संपून सहा वर्षांनी. बार्शीत तो कुणी वाचला असण्याची शक्यता शून्याच्या जवळ.

छापील अहवालापेक्षा मोलाची वस्तू मात्र पुण्याला पोचली होती. ती म्हणजे बार्शीच्या रुग्णाच्या रक्तातून वेगळा काढलेला विषाणू. त्या काळची रीत अशी होती. तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच रक्तात विषाणू भरपूर असतो, म्हणून तेवढ्यातच रक्त काढायचे आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेपर्यंत आणायचे. मग त्यातला थेंब दोन-तीन दिवसांच्या उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत टोचायचा. पिल्ले आजारी पडली की मेंदू काढून घोटायचा, तो पुढच्या पिल्लांना द्यायचा, आणि माहीत असलेल्या विषाणूंविरुद्धच्या प्रतिपिंडांशी ताडून त्याची ओळख पटवायची. ओळख पटली की काम संपले असे कुणालाही वाटावे. पुण्याच्या लोकांनी तो नमुना काचेच्या नळीत बंद करून गोठवून ठेवला.

कशासाठी? १९७३ मध्ये याचे नेमके उत्तर कुणाकडेच नव्हते. आरएनए विषाणूचा पूर्ण जनुकसंच वाचून काढण्याचे काम जगात तोवर एकदाही झालेले नव्हते. ते पहिल्यांदा १९७६ मध्ये झाले, बेल्जियममध्ये, आणि तेही जिवाणूंना होणाऱ्या एका चिमुकल्या विषाणूचे. सँगरची डीएनए वाचायची पद्धत १९७७ ची. पीसीआर १९८० च्या दशकातले. बार्शीच्या नळीत काय लिहिले आहे ते वाचायची साधने नळी बंद झाली तेव्हा जन्मालाच आली नव्हती.

ही ठेवण्याची सवय पुण्याच्या या संस्थेला सुरुवातीपासून होती. १९५२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ती काढली. पाचच वर्षांत, १९५७ मध्ये, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि संस्थेला एक कोरा करकरीत विषाणू सापडला. तेव्हापासून पुण्याचे लोक कुठे ताप आला की धावत. १९६३ मध्ये कोलकात्यात रक्तस्रावी तापाची साथ आली तेव्हा रुग्णांच्या रक्तातून चिकुनगुनिया निघाला. आफ्रिकेत तंगान्यिकात १९५२-५३ च्या साथीत तो पहिल्यांदा सापडला होता. पुढल्या वर्षी मद्रास, वेल्लोर, पाँडिचेरी. एकट्या मद्रास शहरात चार लाख रुग्णांचा अंदाज होता. १९६५ मध्ये तो नागपुरात आला, आणि तिथे गंमत झाली. तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून चिकुनगुनियाही नव्हे, डेंग्यूही नव्हे, असे काही निघाले. प्रवीण भट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन छापले आणि शहराच्या एका भागावरून नाव दिले चांदीपुरा. फारसे कुणी लक्ष दिले नाही. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुले मेंदूच्या तापाने आजारी पडली, त्यातली १८३ गेली, आणि पुण्यात शोध घेता चांदीपुराच हाती लागला. नागपूरचा नमुना ओळखीला होता म्हणून ही ओळख पटली.

खोरशेद पावरी याच पठडीतल्या. पुढे १९७८ ते १९८८ त्या संस्थेच्या संचालक होत्या, संस्थेला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे नाव मिळाले तेही १९७८ मध्येच. १९६४ मध्ये त्यांनी एक साधा पण तीक्ष्ण प्रश्न विचारला होता. चिकुनगुनिया भारतात १९६३ मध्ये आला असे सगळे म्हणतात. आधी नव्हता कशावरून? कोलकाता आणि जमशेदपूर इथले १९६३ पूर्वी घेतलेले रक्तद्रव त्यांनी तपासले आणि त्यांत चिकुनगुनियाचे प्रतिपिंड निघाले. साथीचा गाजावाजा होण्याआधीच विषाणू इथे फिरून गेला होता. जुन्या बाटल्यांना नवा प्रश्न विचारायची ही पद्धत पुण्यात मुरली. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यातून काविळीची प्रचंड साथ आली होती. तिचे रक्तद्रव टिकवलेले होते. ते, १९७५-७६ चे अहमदाबादचे आणि १९७८-७९ चे पुण्याचे असे एकत्र तपासून १९८० मध्ये दाखवता आले की ही कावीळ ‘ए’ही नाही आणि ‘बी’ही नाही, तिसरीच आहे. त्या शोधनिबंधावर पावरींचे नाव आहे. पंचवीस वर्षे जपलेल्या रक्ताने दिलेले हे उत्तर होते.

त्या तिसऱ्या काविळीवर, म्हणजे आजच्या हिपॅटायटिस ‘ई’वर, ज्यांची कारकीर्द उभी राहिली त्या डॉ. विद्या अरणकल्ले. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, या काविळीशी विषाणूसारख्या कणांचा संबंध त्यात दाखवला होता. पुढे त्या हिपॅटायटिस विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या कामातला एक निबंध मला फार आवडतो, आणि तो त्यांच्या गाजलेल्या निबंधांतला नव्हे. १९९५ मध्ये त्यांनी पुणेकरांच्या १९८२ आणि १९९२ च्या रक्तद्रवांची तुलना छापली: कोणत्या वयात ‘ए’ होऊन गेलेला असतो, कोणत्या वयात ‘ई’. दहा वर्षांचे अंतर मोजायचे तर दहा वर्षांपूर्वी कुणीतरी रक्त घेऊन ठेवलेले असावे लागते. आधी ठेवले नसेल तर पैसा ओतूनही ते मागाहून मिळत नाही.

चिकुनगुनिया तोवर विस्मरणात गेला होता. बार्शीनंतर भारतात मोठी साथ आलीच नाही. १९८६ मध्ये पावरींनी लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले: भारतातून आणि आग्नेय आशियातून चिकुनगुनिया नाहीसा झाला. प्रश्न रास्त होता. लाखो लोकांना झोपवणारा विषाणू जातो कुठे?

याचे एक उत्तर जंगलात आहे, किंवा जंगल नसण्यात. आफ्रिकेत चिकुनगुनियाचे खरे घर म्हणजे माकडे आणि झाडांच्या ढोलीत वाढणारे डास. माणसांत साथ संपली तरी तो तिथे शांतपणे फिरत राहतो. भारतात असे रानातले चक्र सिद्ध झालेले नाही. येडशीच्या रामलिंगाला दरीत वानरांचे कळप आहेत, भाविकांच्या हातातले फुटाणे हिसकावणारे. पण बार्शीच्या विषाणूला त्यांचा काही उपयोग नव्हता. त्याला हवा होता माणूस, घरातला डास आणि पुन्हा माणूस. एकदा हा आजार झालेल्याला तो सहसा पुन्हा होत नाही. गावातल्या निम्म्या-शिम्म्या लोकांना तो होऊन गेला, उरलेल्यांपर्यंत पोचायला डास पुरेनात, की विषाणूची वाट खुंटते. कोलकात्यात १९९५ मध्ये छापलेल्या पाहणीत फक्त ४.३७ टक्के लोकांत प्रतिपिंड होते, सर्वाधिक पन्नाशीच्या पुढल्यांत. लहान मुलांत आणि तरुणांत नाहीतच. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. विषाणू खरोखर गेला होता, आणि नव्याने येईल तेव्हा त्याला अडवणारे कुणी उरले नव्हते.

आणि तो आला, पण आधी कुणाच्या अंगात नव्हे. २००० मध्ये पुण्याच्या संस्थेतल्या डी. टी. मौर्य आणि सहकाऱ्यांनी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवतमधून एडिस इजिप्ती डास पकडून आणले. त्यांत चिकुनगुनिया निघाला. तो निबंध पुढल्या वर्षी छापलाही गेला. सत्तावीस वर्षांनी हा विषाणू परत दिसला होता, पुण्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. यावर राज्यभर डासांची पाहणी व्हायला हवी होती, तापाच्या रुग्णांची चिकुनगुनियासाठी तपासणी सुरू व्हायला हवी होती, असे आज म्हणणे सोपे आहे. तरीही म्हणतो. आपल्याकडे ठेवण्याची शिस्त होती, शोधत राहण्याची नव्हती. यवतचा विषाणूही गोठवून ठेवला गेला, बार्शीच्या जोडीला.

२००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर साथ उसळली, २००५ मध्ये कोमोरोस बेटे, मग रियुनियन. त्या बेटावर एकतृतीयांश लोक आजारी पडले. २००५ च्या अखेरीला आंध्र आणि कर्नाटक. २००६ मध्ये महाराष्ट्र. वर्षभरात देशात १३ लाख ९० हजारांच्या आसपास संशयित रुग्ण नोंदले गेले, महाराष्ट्रात २ लाख ६८ हजारांहून अधिक. नोंदीत न आलेले वेगळे. मराठवाड्याच्या गावांतून त्या वर्षी चालणारी माणसे आठवतात: भिंतीला धरून, कमरेत वाकून, सकाळी उठताना मूठ न मिटणारी. घरातली सगळी एकदम पडलेली, चुलीपाशी बसायला कुणी नाही. ज्वारीच्या काढणीला मजूर मिळेनात. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला होता, त्यामुळे नव्या आजाराच्या नावातले ‘चिकन’ लोकांनी खरे मानले आणि कोंबडी खाणे सोडले. खाटकाचे नुकसान झाले, डासाचे काहीच नाही.

पुण्यात आता खरा प्रश्न पडला. हा बार्शीचाच विषाणू, इतकी वर्षे कुठेतरी दबून राहिलेला? की बाहेरून आलेला? रुग्णाला पाहून हे सांगता येत नाही; ताप तोच, सांधे तेच. प्रतिपिंडांच्या चाचणीतूनही कळत नाही, कारण चिकुनगुनियाचे सगळे प्रकार त्या चाचणीला एकसारखेच दिसतात. उत्तर फक्त जनुकसंचात होते.

हा जनुकसंच म्हणजे आरएनएचा एकच धागा, सुमारे ११,८०० अक्षरांचा. माणसाचा तीन अब्जांचा असतो. एवढ्याशा मजकुरात तो जी व्यवस्था बसवतो ती थक्क करणारी आहे. धागा पेशीत शिरला की पेशीची प्रथिने बनवणारी यंत्रणा त्याला मालकाचाच हुकूम समजून वाचू लागते. पहिल्या दोनतृतीयांश भागातून एक लांबलचक प्रथिन तयार होते. ते थोडेसेच कापलेले असते तोवर त्याचे काम एकच: मूळ धाग्याची उलटी नक्कल काढणे. काही तासांत ते पूर्ण कापले जाते आणि त्याची चाल बदलते. आता उलट्या नकलेवरून सुलट्या प्रती, त्याही ढिगाने. शिवाय उरलेल्या एकतृतीयांश भागाची वेगळी, छोटी प्रत. तिच्यातून विषाणूचे कवच बनवणारी प्रथिने निघतात. कवच कमी वेळात भरपूर लागते, म्हणून त्याचा मजकूर स्वतंत्र छापण्याची ही युक्ती. दरम्यान विषाणूचेच एक प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाऊन पेशीची स्वतःची छपाई बंद पाडते. कोणत्या वेळी काय वाचायचे, किती वाचायचे, कुठे थांबायचे, हे सगळे त्या धाग्यातच लिहिलेले. या कुळातल्या काही विषाणूंत तर मधोमध ‘थांब’ असा संकेत असतो आणि पेशीची यंत्रणा तो अधूनमधून ओलांडून जाते. ओलांडली तरच पुढचे प्रथिन बनते, म्हणून ते आपोआप थोडेच बनते. विषाणूला ते थोडेच हवे असते.

आणि नक्कल काढणारे हे प्रथिन चुका करते. त्या दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. चुका साठत जातात. ज्या दोन विषाणूंत चुका सारख्या, त्यांचा पूर्वज जवळचा. या आधारावर २००० मध्येच अमेरिकेतल्या अॅन पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या चिकुनगुनियाचे तीन घराण्यांत वर्गीकरण केले होते: पश्चिम आफ्रिका, पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिका आणि आशिया.

अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये छापलेला निबंध मला पुण्याच्या विषाणुशास्त्रातला सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी २००६ च्या साथीतले पाच विषाणू घेतले, आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र, राजस्थान आणि तमिळनाडूचे. एक रियुनियनचा घेतला. आणि जुन्या नळ्या उघडल्या: १९६३ चा कोलकात्याचा, १९७३ चा बार्शीचा, २००० चा यवतचा. नऊही जनुकसंच पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले. जागतिक जनुककोशात बार्शीच्या विषाणूचे नाव ‘आयएनडी-७३-एमएच५’ असे आहे: देश, साल, राज्य, क्रमांक. गावाला त्यात जागा नाही.

निकाल असा. २००६ चे भारतीय विषाणू आणि रियुनियनचा विषाणू ९९.९ टक्के एकच. फरक जेमतेम दहा-बारा अक्षरांचा. म्हणजे साथ आफ्रिकी घराण्याची, हिंदी महासागरावरून आलेली. बार्शीचा आणि कोलकात्याचा विषाणू मात्र आशियाई घराण्याचे आणि आपसात ९९.४ टक्के सारखे. दहा वर्षांत सत्तरेक अक्षरे बदलली होती. दोन्ही घराण्यांची सरमिसळ झाल्याची खूण कुठेच नाही. बार्शीचा विषाणू जागा झाला नव्हता. तेहतीस वर्षांनी आलेला पाहुणा परका होता.

यवतने कोडे वाढवले. २००० चा तो विषाणूही आफ्रिकी घराण्याचाच निघाला. पण २००६ च्या विषाणूंशी त्याचे साम्य ९८.२ टक्के, दोनशेच्या वर अक्षरांचा फरक. कवचाच्या ई१ या प्रथिनात २६९ व्या जागी रियुनियनकडच्यांत जो बदल दिसला होता तो यवतमध्ये आहे. २८४ व्या जागचा नाही. तेव्हा यवतच्या डासांतला विषाणू हा साथीचा थेट बाप म्हणता येत नाही. माझी समजूत अशी की आफ्रिकी विषाणू भारतात एकदाच आला नाही. मोठी साथ पेटण्याआधी किमान एकदा तरी तो येऊन पुणे जिल्ह्यात घुटमळून गेला, आणि एका डासांच्या पाहणीखेरीज त्याची कुणाला चाहूल लागली नाही.

रियुनियनमध्ये साथ वाढत गेली तसा ई१ मध्ये २२६ व्या जागी आणखी एक बदल आला. अॅलॅनिनच्या जागी व्हॅलिन, एवढाच. पण त्यामुळे एडिस अल्बोपिक्टस हा बागांतला, झाडोऱ्यातला डास विषाणूचा उत्तम वाहक ठरला. २००६ च्या भारतीय विषाणूंत हा बदल नव्हता, असे पुण्याच्या निबंधात स्पष्ट नोंदले होते. पुढल्याच वर्षी केरळात साथ उसळली तेव्हा तो होता. आधी नव्हता आणि नंतर आला हे सांगता आले, कारण आधीचे वाचून ठेवलेले होते.

वाचलेला मजकूर खोडताही येईल का, हा पुढचा प्रश्न. २००६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना मिळाले, १९९८ मधल्या शोधासाठी. पेशीत आरएनएचा छोटा दुहेरी तुकडा सोडला तर त्याच्याशी जुळणारा संदेश पेशीच कापून टाकते. डासाची पेशी विषाणूशी याच हत्याराने लढते, म्हणून त्याच्या अंगात विषाणू आयुष्यभर राहूनही डास मरत नाही. माणसाच्या बाजूने हेच हत्यार वापरता येईल का, हे पुण्यात करून पाहिले गेले. दीप्ती पराशर, अरणकल्ले आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २०१३ मध्ये आला. विषाणूच्या दोन जागा निवडल्या: एक कवचाच्या ई२ या प्रथिनाची, दुसरी उलटी नक्कल काढणाऱ्या यंत्रणेतल्या पहिल्या प्रथिनाची. त्यांना जुळणारे छोटे तुकडे बनवून आधी पेशींत आणि मग उंदरांत दिले. लागण होऊन ७२ तास झालेल्या उंदरांतही विषाणूची वाढ रोखली गेली. हे औषध बाजारात आलेले नाही. असे तुकडे यकृतात पोचवणे आज जमते, सांध्यापर्यंत आणि स्नायूपर्यंत नेणे अवघड आहे. शिवाय चार दिवसांच्या तापात ते द्यायचे केव्हा? पण एका अर्थी १९७३ च्या उंदराच्या पिल्लांपासून हे अंतर किती लांबचे आहे ते यावरून दिसते. तेव्हा उंदीर मेला की विषाणू सापडला म्हणायचे. आता विषाणूचे कोणते वाक्य खोडले तर उंदीर जगतो, हे पाहायचे.

राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतली सेवा संपल्यावर अरणकल्ले पुण्यातच भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत गेल्या आणि विषाणूंवरचे काम तिथे चालू राहिले.

बार्शीच्या नळीचे काम २००७ च्या निबंधाने संपले नाही. २०१० मध्ये सारा व्होल्क आणि सहकाऱ्यांनी जगभरचे ८० पूर्ण जनुकसंच मांडून वंशवृक्ष काढला. त्यात आशियाई घराण्याच्या दोन फांद्या दिसल्या. एक आग्नेय आशियाची, जी पावरींना वाटले तशी नाहीशी झाली नव्हती. इंडोनेशिया, थायलंड, फिलिपिन्स इथे ती चालत राहिली. दुसरी भारताची, कोलकाता आणि बार्शीची, जी खुंटली. पावरींचे पत्र भारतापुरते खरे ठरले, आग्नेय आशियापुरते चुकले. आणि ही चूक महागात पडली, त्यांना नव्हे, दुसऱ्या गोलार्धाला. डिसेंबर २०१३ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट मार्टिन बेटावर चिकुनगुनिया निघाला. वर्षभरात तो दोन्ही अमेरिकांत दहा लाखांवर लोकांना झाला. सगळ्यांना वाटले होते तो आफ्रिकी असेल, कारण तेव्हा जगभर त्याचाच बोलबाला होता. अक्षरे वाचली तेव्हा तो निघाला आशियाई घराण्याचा, आग्नेय आशियाकडच्या फांदीचा. तो कुठून आला हे ठरवताना त्याच्या जनुकसंचाशेजारी जुने आशियाई जनुकसंच मांडले गेले, त्यांत १९७३ चा महाराष्ट्राचा होता.